वारंवार सुटणारा झिर्कोनिया क्राउन : आतील पृष्ठभागाच्या तयारीविषयी एक प्रकरण अभ्यास

सत्तेचाळीस वर्षांच्या एका माध्यमिक शिक्षिकेच्या खालच्या उजव्या दुसऱ्या दाढेवर बसवलेला झिर्कोनियाचा (दातांसाठी वापरल्या जाणाऱ्या एका मजबूत सिरॅमिकचा) क्राउन, म्हणजे कॅप, सात महिन्यांत दोनदा सुटला. तिसऱ्यांदा बसवल्यानंतर तो आज सव्वीस महिने जागेवर आहे. क्राउन तिन्ही वेळा तोच होता. त्याला तडा गेला नाही, त्याचा टवका उडाला नाही, त्याची कड दाढेवर पहिल्या दिवशी जशी बसत होती तशीच शेवटच्या दिवशीही बसत होती. बदलली ती त्याच्या आतील पृष्ठभागाची तयारी. दुसऱ्या वेळी ती चुकली, कारण ती चूक आहे असे माझ्या दवाखान्यात कोणालाही वाटले नव्हते, आणि हे प्रकरण सविस्तर लिहिण्याचे खरे कारण तेच आहे. जी कृती आम्ही केली ती दुसऱ्या एका सिरॅमिकसाठी पूर्णपणे योग्य होती आणि त्या सिरॅमिकवर ती वर्षानुवर्षे यशस्वी झाल्यामुळेच हातात बसली होती.

रुग्ण आणि दाढ

दाढेचे रूट कॅनल दोन वर्षांपूर्वी झालेले होते. जुन्या मोठ्या भरावाखाली कीड पसरल्यामुळे दाढेचा मागचा भाग जवळजवळ हिरडीच्या पातळीपर्यंत गेलेला होता आणि तो कंपोझिटने (दाताच्या रंगाच्या रेझिनच्या भरावाने) उभा केलेला होता. क्राउनसाठी तासल्यानंतर दाढेची उंची गालाकडच्या बाजूला सुमारे साडेतीन मिलिमीटर आणि मागच्या बाजूला जेमतेम दोन मिलिमीटर उरली. दाढेच्या क्राउनला निव्वळ आकाराच्या जोरावर धरून ठेवायचे असेल तर तासलेल्या भागाची उंची किमान चार मिलिमीटर असावी आणि समोरासमोरच्या भिंतींमधील एकूण उतार दहा ते वीस अंशांच्या आत असावा, असे सर्वसाधारणपणे शिकवले जाते. येथे उंची कमी होती आणि उतार वीसपेक्षा नक्कीच जास्त होता. तोंड फार उघडत नसल्यामुळे मागच्या दाढेवर हँडपीस तिरका धरावा लागतो आणि भिंती अधिक निमुळत्या होतात. हे कारण खरे असले तरी दाढेच्या दृष्टीने ते गैरलागू आहे.

हिरडी आणि तिच्याखालचे हाड थोडे कमी करून दाढेची उंची वाढवण्याचा पर्याय बाईंपुढे ठेवला होता. एका कॅपसाठी शस्त्रक्रिया त्यांना नको होती. त्यामुळे क्राउन टिकवण्याचा बराचसा भार आकारावरून सरकून चिकटण्यावर येणार, हे त्याच दिवशी माझ्या लक्षात यायला हवे होते. मी मात्र नेहमीप्रमाणे संपूर्ण झिर्कोनियाचा क्राउन लॅबकडे मागवला आणि तो रेझिनयुक्त ग्लास आयनोमर सिमेंटने बसवला. हे सिमेंट मुख्यतः क्राउन आणि दाढ यांमधील फट भरून काढते. सुताराने खाच घट्ट पाडली असेल तर तिला सरस लागत नाही. खाच सैल असेल तर नुसत्या भुशाने ती धरत नाही. बाईंच्या दाढेची खाच सैल होती.

पाच महिन्यांनी क्राउन पहिल्यांदा सुटला. बाईंनी तो धुतला, दोन दिवस स्वतःच दाबून बसवून ठेवला आणि मग त्या आल्या. सिमेंट कोणत्या बाजूला राहिले होते, हे पाहण्यासारखे तेव्हा काही शिल्लक नव्हते; आणि खरे सांगायचे तर शिल्लक असते तरी मी ते पाहिले असते असे नाही. सुटलेल्या क्राउनकडे पाहण्याची आपली रीत म्हणजे आतले सिमेंट स्केलरने खरवडायचे, दाढ पुसायची आणि अधिक भक्कम सिमेंट घ्यायचे. मीही तेच केले. या वेळी स्वतःहून चिकटणारे रेझिन सिमेंट निवडले. ते वापरण्यापूर्वी क्राउन दाढेवर बसवून पाहिला, चावा तपासला, मग आतील पृष्ठभाग 37 टक्के फॉस्फोरिक आम्लाच्या जेलने एक मिनिट घासून पाण्याने धुतला आणि वाळवला. सात आठवड्यांनी क्राउन पुन्हा निघाला. आधीच्यापेक्षा भारी सिमेंट आधीच्यापेक्षा कमी काळ टिकले.

डबीतील क्राउन

दुसऱ्या वेळी बाई त्याच दिवशी संध्याकाळी आल्या. क्राउन त्यांनी न धुता एका लहान डबीत ठेवला होता. "डॉक्टर, चहाबरोबर खारी खात होते, काही कडक नव्हतं," असे त्यांनी आल्या आल्या सांगितले. क्राउन सुटला की दोष आपल्या खाण्याचा धरला जाणार, असे रुग्णांना गृहीतच धरावे लागते, याचे मला त्या वेळी थोडे वाईट वाटले.

लूप (भिंगाचा चष्मा) लावून पाहिले तेव्हा चित्र स्वच्छ होते. रेझिन सिमेंटचा जवळजवळ सगळा थर दाढेवर घट्ट चिकटून होता, इतका की क्राउनच्या आतील मिलिंगच्या (यंत्राने कोरण्याच्या) बारीक रेघांचा ठसा त्या थरावर उमटलेला दिसत होता. क्राउनची आतली बाजू मात्र कोरी होती. उजेडात फिरवली की ती चकाकत होती आणि यंत्रातील बरने सोडलेल्या समांतर रेघा तिच्यावर जशाच्या तशा होत्या. याचा अर्थ एवढाच की सिमेंट दाढेला धरून राहिले, सिमेंट स्वतः मधोमध फाटले नाही, सोडले ते फक्त झिर्कोनियाने. सिमेंट दोन्ही पृष्ठभागांवर विखुरलेले असते तर दोष सिमेंटच्या मजबुतीत किंवा ते घट्ट होण्यात शोधावा लागला असता. ते सगळे क्राउनमध्ये राहून दाढ कोरी दिसली असती तर ओलावा, लाळ किंवा दाढेवरील तयारी यांकडे संशय गेला असता. सुटलेला क्राउन पुसण्याआधी अर्धा मिनिट पाहणे ही या प्रकरणातील सर्वांत स्वस्त तपासणी होती, आणि पहिल्या वेळी तीच हुकली होती.

मी लॅबमध्ये फोन केला. हे काम करणारे टेक्निशियन अनुभवी आहेत आणि त्यांनी काही लपवले नाही. "सर, आतून एचएफ लावूनच पाठवली होती, तुमच्या ई-मॅक्सला लावतो तशी," असे ते म्हणाले. एचएफ म्हणजे हायड्रोफ्लुओरिक आम्ल, आणि ई-मॅक्स हे लिथियम डायसिलिकेट या सिरॅमिकचे व्यापारी नाव. सँडब्लास्टिंग, म्हणजे दाबाच्या हवेने बारीक कणांचा मारा, केले होते का, असे विचारल्यावर त्यांनी सांगितले की झिर्कोनियाला त्याने बारीक तडे जातात म्हणून ते टाळतात. अशा रीतीने लॅबने हायड्रोफ्लुओरिक आम्ल लावले, दवाखान्याने फॉस्फोरिक आम्ल लावले, आणि दोघांनाही आपण पृष्ठभाग तयार केला असे वाटले.

एका सिरॅमिकची सवय दुसऱ्यावर

या दोन्ही सवयी कोठून आल्या हे पाहण्यासाठी बाईंच्याच तोंडात एक चांगले उदाहरण होते. त्यांच्या वरच्या डाव्या उपदाढेवर लिथियम डायसिलिकेटचा ऑनले (दाताचा फक्त वरचा भाग झाकणारे आवरण) सहा वर्षांपासून आहे आणि तो उत्तम स्थितीत आहे. तोही आमच्याच दवाखान्यात, त्याच दोन आम्लांच्या साहाय्याने बसवलेला होता.

लिथियम डायसिलिकेट हे काचयुक्त सिरॅमिक आहे. त्यात सुमारे सत्तर टक्के सुईसारखे स्फटिक असतात आणि उरलेल्या जागेत सिलिकाची काच असते. हायड्रोफ्लुओरिक आम्ल ही काच विरघळवते, स्फटिक उघडे पडतात आणि पृष्ठभाग सूक्ष्म खाचांनी भरून जातो. पाच टक्क्यांच्या आसपासच्या आम्लाला या पदार्थासाठी वीस सेकंद पुरतात. जुन्या पद्धतीच्या फेल्डस्पॅथिक पोर्सेलिनला अधिक वेळ लागतो. वेळ वाढवला म्हणजे पकड वाढते असे नाही. काच गरजेपेक्षा खोलवर गेली तर स्फटिकांना धरणारे काही उरत नाही आणि पातळ ऑनले आतूनच कमकुवत होतो. आम्लानंतर सिलेन लावतात. त्याच्या रेणूचे एक टोक सिलिकाशी आणि दुसरे रेझिनशी जोडले जाते. पोर्सेलिनवर आम्लाने खाचा पाडून वर सिलेन लावण्याची ही जोडी 1983 मध्ये सायमनसेन आणि कॅलेमिया यांच्या प्रयोगांतून पुढे आली आणि पुढे चिकटवल्या जाणाऱ्या सगळ्या व्हेनिअर आणि ऑनलेंचा पाया तीच ठरली.

आता फॉस्फोरिक आम्लाकडे येऊ. हायड्रोफ्लुओरिक आम्लाच्या क्रियेनंतर पृष्ठभागावर क्षारांचा पांढुरका थर उरू शकतो. तो काढण्यासाठी, तसेच तोंडात बसवून पाहिल्यावर लागलेली लाळ घालवण्यासाठी काचयुक्त सिरॅमिकवर फॉस्फोरिक आम्ल घासणे ही मान्य आणि उपयुक्त कृती आहे. ते सिरॅमिकवर खाचा पाडत नाही, फक्त साफ करते. आमच्या साहाय्यक ताईंना ही पायरी मीच शिकवली होती, आणि "सिरॅमिक असेल तर निळे जेल" असा तिचा सोपा अर्थ दवाखान्यात रुळला होता.

झिर्कोनियाला मात्र हे नियम लागू होत नाहीत, कारण त्यात विरघळण्यासारखी काच नाही. ते झिर्कोनियम ऑक्साइडच्या दाट रचलेल्या स्फटिकांचे बनलेले असते. नेहमीच्या तीव्रतेचे हायड्रोफ्लुओरिक आम्ल नेहमीच्या वेळेपुरते त्यावर ठेवले तर पकड देणाऱ्या खाचा पडत नाहीत. सिलिका नसल्यामुळे सिलेनलाही धरायला काही मिळत नाही. लॅबमध्ये लावलेले आम्ल म्हणजे बाईंच्या क्राउनपुरता एक धोकादायक पण निरुपयोगी विधी होता. धोकादायक हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण हे आम्ल त्वचेतून आत शिरून ऊतींमधील कॅल्शियमला बांधते आणि सुरुवातीला फारसे न दुखताही खोल इजा करू शकते. ते जेथे वापरले जाते तेथे हातमोजे, चष्मा आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचे जेल हाताशी असायला हवे. जेथे त्याचा उपयोगच नाही तेथे ती जोखीम घेण्याला काही अर्थ उरत नाही.

फॉस्फोरिक आम्लाने याहून जास्त नुकसान केले, आणि ते समजून घ्यायचे तर झिर्कोनिया कशाला चिकटते हे आधी पाहावे लागते. झिर्कोनियाला फॉस्फेट गटाची मोठी ओढ असते. एमडीपी या नावाने ओळखला जाणारा मोनोमर (रेझिन ज्यापासून बनते तसा लहान रेणू) याच ओढीवर चालतो. त्याच्या एका टोकाला फॉस्फेट गट असतो, तो झिर्कोनियम ऑक्साइडला धरतो. दुसरे टोक रेझिनमध्ये गुंफले जाते. आणि मधली दहा कार्बनची लांब साखळी पाण्याला सहजी जुमानत नाही. हा मोनोमर जपानमध्ये 1981 साली तयार झाला, तो मुळात झिर्कोनियासाठी नव्हे, कारण तेव्हा दंतवैद्यकात झिर्कोनिया नव्हतेच. स्वतःहून चिकटणाऱ्या रेझिन सिमेंटमध्येही या प्रकारचे आम्लधर्मी फॉस्फेट मोनोमर असतात, म्हणूनच मी ते निवडले होते. परंतु फॉस्फेटची ही ओढ निवड करत नाही. लाळेतील फॉस्फेटयुक्त घटक क्राउन बसवून पाहताना त्याच जागा अडवतात. त्यानंतर आम्ही फॉस्फोरिक आम्ल घासले, म्हणजे उरलेल्या जागाही फॉस्फेटने भरून टाकल्या. पाण्याने धुतल्यावर जेलचा निळा रंग गेला, पृष्ठभाग डोळ्यांना स्वच्छ दिसला आणि चिकटणाऱ्या मोनोमरला बसायला जागा राहिली नाही. एसटीतल्या सगळ्या जागांवर आधीच रुमाल टाकून ठेवले तर तिकीट काढून आलेला माणूस जसा उभाच राहतो, तसे त्या सिमेंटचे झाले.

त्यातच पृष्ठभाग गुळगुळीत होता. रासायनिक पकड क्षीण आणि यांत्रिक पकड जवळजवळ नाही, अशा स्थितीत सात आठवडे हा काळ कमी म्हणण्यापेक्षा पुरेसाच म्हटला पाहिजे.

सँडब्लास्टिंगची भीती

लॅबमधील टेक्निशियनांची शंका निराधार नव्हती. सिरॅमिकची मजबुती त्याच्या सरासरी गुणधर्मांवर नाही तर पृष्ठभागावरील सर्वांत वाईट ओरखड्यावर ठरते. ठिसूळ पदार्थ सूक्ष्म दोषापासून फुटतात हे ग्रिफिथने काचेवरील प्रयोगांतून 1920 मध्ये मांडले, आणि तोंडातील ओलाव्यात चावण्याच्या रोजच्या भाराखाली असा दोष हळूहळू वाढत जातो. धातूच्या कामासाठी लॅबमध्ये 110 मायक्रॉनचे अॅल्युमिनाचे कण तीन-चार बार दाबाने मारतात. तेच यंत्र त्याच दाबावर झिर्कोनियाच्या पातळ कडेवर रोखले तर नुकसान होऊ शकते, हे त्यांचे निरीक्षण बरोबर आहे. त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र चुकीचा होता, कारण उपाय दाब कमी करण्यात आणि कण बारीक घेण्यात आहे.

तीन मोल टक्के इट्रिया (झिर्कोनियात मिसळले जाणारे इट्रियम ऑक्साइड) असलेल्या झिर्कोनियाला एक अंगभूत संरक्षणही असते. ताण पडला की त्याचे चतुष्कोणी स्फटिक मोनोक्लिनिक रूपात बदलतात, त्यांचे आकारमान सुमारे चार टक्क्यांनी वाढते आणि वाढत्या तड्याच्या टोकावर दाब येऊन तो अडतो. गार्व्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये या गुणामुळेच झिर्कोनियाची तुलना पोलादाशी केली होती. बारीक कणांच्या सौम्य माऱ्याने पृष्ठभागावर असाच दाबाखालील पातळ थर तयार होतो. पुढच्या दातांसाठी हल्ली वापरले जाणारे अधिक पारदर्शक, चार-पाच मोल टक्क्यांचे प्रकार याबाबतीत वेगळे आहेत. त्यांच्यात घनाकृती (क्यूबिक) रूपातील स्फटिकांचे प्रमाण मोठे असते, ते असे बदलत नाहीत, आणि म्हणून त्यांच्यावर मारा आणखी जपून करावा लागतो. लॅबकडून येणाऱ्या क्राउनबरोबर दहा वर्षांचे वॉरंटी कार्ड हमखास येते. तो नेमका कोणत्या प्रकारच्या झिर्कोनियाचा आहे हे मात्र बहुधा फोन करूनच कळते. बाईंचा क्राउन तीन मोल टक्क्यांचा होता, आणि ते कार्ड क्राउन फुटल्यास लागू होते, सुटल्यास नाही.

सँडब्लास्टिंग आणि एमडीपी यांच्या जोडीला मुख्य आधार कर्न आणि वेग्नर यांच्या 1998 मधील प्रयोगाचा आहे. त्यांनी झिर्कोनियावर निरनिराळ्या पद्धतींनी चिकटवलेले नमुने 150 दिवस पाण्यात ठेवले आणि त्यांना 37,500 वेळा गरम-थंड केले. सुरुवातीला बऱ्यापैकी पकड दाखवणाऱ्या काही पद्धतींचे नमुने या काळात आपोआप सुटले. मारा केलेल्या पृष्ठभागावर फॉस्फेट मोनोमर असलेल्या रेझिनने चिकटवलेले टिकले. या प्रयोगातील महत्त्वाची गोष्ट मला वाटते ती काळाची. चिकटवल्यानंतर दुसऱ्या दिवशी मोजलेली पकड जवळजवळ कोणत्याही सिमेंटची चांगलीच येते. गरम चहा, वर थंड पाणी आणि सततचा ओलावा यांनी महिनोन्‌महिने गेल्यावर काय उरते, हा खरा प्रश्न असतो.

तिसरी बैठक

नवा क्राउन करावा का, यावर विचार केला. दाढेवर खाचा पाडून आकाराची पकड वाढवायची असती तर नवा क्राउन अपरिहार्य होता. परंतु रूट कॅनल झालेल्या, आधीच पोखरलेल्या दाढेचे उरलेले दंतिन आणखी तासण्याची माझी तयारी नव्हती आणि जुन्या क्राउनची कड नीट बसत होती. तोच क्राउन वापरायचे ठरले.

या वेळी क्रम बदलला. क्राउन दाढेवर बसवून पाहणे, कडा तपासणे, शेजारच्या दाताशी असलेला संपर्क धाग्याने पाहणे हे सगळे आधी उरकले, म्हणजे लाळेचा स्पर्श जेवढा व्हायचा तेवढा होऊन गेला. त्यानंतर क्राउनच्या आतील संपूर्ण पृष्ठभागावर कायम शाईच्या लाल मार्करने रंग दिला आणि 50 मायक्रॉनचे अॅल्युमिना दीड बार दाबाने, सुमारे एक सेंटिमीटर अंतरावरून, नोझल सतत फिरते ठेवून, सगळा लाल रंग जाईपर्यंत मारले. मार्करची ही युक्ती साधी आहे, पण तिच्यावाचून आतले कोपरे हमखास राहतात, आणि राहिलेला कोपरा नेमका कोठे आहे हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. आमच्या कॉम्प्रेसरचा दाब पाच बारच्या पुढे असतो, त्यामुळे सँडब्लास्टरच्या आधी दाब नियंत्रक आणि मापक बसवून घ्यावा लागला. तो आधीपासून नव्हता, यावरून हे यंत्र आजवर आम्ही कोणत्या अंदाजाने वापरत होतो हे वाचकांनी समजून घ्यावे.

मारा झाल्यावर आतील बाजू एकसारखी निस्तेज, खडूसारखी दिसू लागली. या माऱ्याने एकाच वेळी तीन कामे होतात : लाळेचा व आम्लाचा फॉस्फेट थर निघतो, सूक्ष्म खडबडीतपणा येतो आणि ताजा, क्रियाशील पृष्ठभाग उघडा पडतो. नंतर क्राउन अल्कोहोलमध्ये अल्ट्रासॉनिक यंत्रात पाच मिनिटे ठेवला, तेलविरहित हवेने वाळवला आणि बोटांचा स्पर्श होऊ न देता एमडीपीयुक्त प्रायमर (सिमेंटच्या आधी लावायचे द्रव्य) लावला. ज्या दवाखान्यात सँडब्लास्टर नाही तेथे लॅबमधून मारा करून आणून, तोंडात बसवून पाहिल्यावर झिर्कोनियासाठीच बनवलेले साफ करणारे द्रव्य वापरता येते. त्यांपैकी एका प्रकारात झिर्कोनियाचेच सूक्ष्म कण असतात आणि लाळेतील फॉस्फेट क्राउनवरून त्या कणांकडे ओढले जाते. नुसते पाणी किंवा अल्कोहोल हे काम करत नाही.

दाढेच्या बाजूला काम अधिक अवघड होते. जुन्या रेझिन सिमेंटचा थर अल्ट्रासॉनिक टोकाने सुटेल तेवढा काढला आणि कंपोझिटच्या भागावर बारीक मारा करून तो खडबडीत केला. गालाकडच्या कडेला इनॅमलची जी अरुंद पट्टी शिल्लक होती तिच्यावर फॉस्फोरिक आम्ल लावले. येथे ते आम्ल हवेच असते, कारण इनॅमलवर ते 1955 पासून, म्हणजे बुओनोकोरच्या प्रयोगापासून, हेच काम करीत आले आहे. एकाच ट्रेमधील एकाच सिरिंजमधले जेल क्राउनच्या आत निषिद्ध आणि अर्ध्या मिलिमीटरवर दाढेच्या कडेला आवश्यक, ही गोष्ट साहाय्यक ताईंना समजावताना माझ्या लक्षात आले की "सिरॅमिक असेल तर" हा शब्दप्रयोगच आम्ही सोडून द्यायला हवा. आता ट्रेवर पदार्थाचे नाव लिहिलेले असते.

रबर डॅम, म्हणजे दाढ लाळेपासून वेगळी ठेवणारा रबराचा पडदा, नीट बसला नाही. शेवटची दाढ, आखूड, आणि क्लॅम्प जिथे बसवायचा तिथेच क्राउनची कड. म्हणून साधी, औषध न लावलेली दोरी हिरडीच्या खाचेत ठेवून, कापूस आणि सक्शनवर भिस्त ठेवली. रक्त थांबवणारी द्रव्ये चिकटण्याच्या पृष्ठभागावर पसरण्याची भीती असल्यामुळे ती टाळली, आणि सुदैवाने हिरडीतून रक्त आले नाही. प्रकाश आणि रासायनिक क्रिया अशा दुहेरी पद्धतीने घट्ट होणारे रेझिन सिमेंट घेतले, कारण दीड मिलिमीटर जाडीच्या झिर्कोनियातून आत पोहोचणारा प्रकाश एकटा पुरत नाही. क्राउन दाबून धरला, कडांवरचे जादा सिमेंट क्षणभर प्रकाश देऊन अर्धवट घट्ट झाल्यावर काढले, मग प्रत्येक बाजूने वीस सेकंद प्रकाश दिला आणि रासायनिक क्रियेसाठी आणखी वेळ तसेच थांबलो. मागच्या दोन्ही वेळी हे थांबणेही मी आखडते घेतले असावे.

वरचा पृष्ठभाग

बाईंची एक तक्रार होती, जी आधी मी सुटण्याशी जोडली नव्हती. चावताना त्या बाजूला "करकर" जाणवते, असे त्या म्हणत. पहिल्यांदा क्राउन बसवताना तो उंच लागत होता म्हणून मी डायमंड बरने वरून तासला होता आणि पॉलिश न करता सोडला होता. कार्बन पेपरने पाहिल्यावर, जबडा बाजूला सरकवताना या दाढेवर एक तिरका, जोरकस ठसा उमटत होता. आखूड दाढेवरच्या क्राउनला सरळ दाबापेक्षा असा तिरका रेटाच अधिक उपटतो. समोरच्या वरच्या दाढेवर झिजेचा एक चकचकीत चट्टाही दिसू लागला होता.

झिर्कोनिया इनॅमलपेक्षा कितीतरी कठीण आहे : कठीणपणाच्या विकर्स मोजणीत झिर्कोनिया 1200 च्या आसपास, तर इनॅमल 300 ते 350 च्या दरम्यान येते. असे असूनही समोरच्या दाताची झीज कठीणपणापेक्षा गुळगुळीतपणावर अधिक अवलंबून असते. नीट पॉलिश केलेले झिर्कोनिया समोरच्या इनॅमलला आश्चर्य वाटावे इतके कमी झिजवते. ग्लेझ केलेले त्याहून जास्त, कारण ग्लेझचा पातळ काचेरी थर काही काळाने उडतो आणि खालचा खडबडीत भाग उघडा पडतो. आणि डायमंडने तासून तसेच सोडलेले सर्वांत वाईट. खडबडीत पृष्ठभागावर किटणही अधिक साचते, आणि सरासरी खडबडीतपणा 0.2 मायक्रॉनच्या वर गेला की हा फरक जाणवू लागतो, असे मानले जाते.

म्हणून बाजूच्या हालचालीतील तो संपर्क बारीक कणांच्या डायमंडने, पाण्याखाली, हलक्या हाताने काढला आणि झिर्कोनियासाठीच्या डायमंडयुक्त रबर टोकांनी टप्प्याटप्प्याने पॉलिश केले. शेवटच्या टप्प्याला दोन-तीन मिनिटे लागली. पुढच्या तपासणीत करकर नव्हती.

या प्रकरणाचा पुरावा किती पुढे नेतो

क्राउन टिकला म्हणून श्रेय सँडब्लास्टिंग आणि प्रायमरला देण्याचा मोह होतो. परंतु तिसऱ्या बैठकीत आम्ही एकाच वेळी बऱ्याच गोष्टी बदलल्या : आतील पृष्ठभाग, प्रायमर, सिमेंट, ओलावा रोखण्याची पद्धत, थांबण्याचा वेळ आणि वरचा संपर्क. तिरका रेटा काढून टाकणे हेच कदाचित निर्णायक ठरले असेल, असा युक्तिवाद कोणी केला तर या एका रुग्णावरून त्याला खोडता येणार नाही. माझे मत आतील पृष्ठभागाकडे झुकते ते दोन कारणांनी. सिमेंटचा संपूर्ण थर दाढेवर आणि क्राउन कोरा, ही खूण नेमकी एकाच सांध्याकडे बोट दाखवते. रेटा कितीही तिरका असला तरी चिकटलेले सिमेंट निदान काही ठिकाणी फाटायला हवे होते. आणि लॅबमध्ये व दवाखान्यात केलेल्या दोन्ही कृतींचा परिणाम रसायनशास्त्राच्या दृष्टीने आधीच सांगता येण्याजोगा होता.

दाढ पुरेशी उंच असती तर यातले काहीच उघडकीस आले नसते, ही गोष्ट मला अधिक अस्वस्थ करते. गेल्या काही वर्षांत याच चुकीच्या पद्धतीने बसवलेले आमचे कितीतरी झिर्कोनिया क्राउन केवळ भिंतींच्या घर्षणावर उभे असणार आणि ते उभे असल्यामुळेच आम्हाला आपली पद्धत बरोबर वाटत असणार. झिर्कोनियाच्या क्राउनला चिकटवण्याची गरजच नसते, तो साध्या सिमेंटने बसवावा, असे म्हणणारे सहकारी आहेत आणि उंच, समांतर भिंतींच्या दाढेबाबत त्यांचे म्हणणे मला मान्य आहे. आखूड दाढ, शेजारच्या दाताला चिकटवलेल्या पातळ पंखावर टेकलेला पूल (ब्रिज), किंवा पातळ ऑनले यांच्या बाबतीत मात्र आकाराकडून फारशी मदत मिळत नाही आणि तयारीतील प्रत्येक उणीव थेट वसूल होते.

सव्वीसाव्या महिन्याच्या तपासणीत क्राउन घट्ट होता, क्ष-किरण चित्रात मुळांच्या टोकांशी काही नवे दिसले नाही, आणि मागच्या बाजूला, जिथे कड हिरडीखाली जाते आणि इनॅमल अजिबात नाही, तिथे सिमेंटच्या रेषेवर तपकिरी डाग दिसू लागला होता. तो सध्या छायाचित्र घेऊन दर सहा महिन्यांनी पाहत आहोत. लॅबला पाठवायच्या चिठ्ठीवर आम्ही एक रकाना वाढवला आहे, ज्यात झिर्कोनियाचा प्रकार आणि आतून काय केले ते टेक्निशियनांनी लिहावे अशी विनंती आहे. तो अजूनही पुष्कळदा रिकामाच येतो, आणि मग फोन करावा लागतो.